वाचकांचे प्रश्न : पॅरिसचा नाटकवाला संगीतकार झाक ऑफेनबाख

मागील अंकात युरोपातील संगीत-रंगभूमीवर प्रसिद्ध झालेल्या लेखात झाक ऑफेनबाख या संगीतकाराचा उल्लेख जेमतेम चार ओळींत आटोपला होता. त्याच्याविषयी अधिक विचारणा करणारी पत्रे ठाणे आणि नवी मुंबई येथून आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या नातीच्या शाळेतील स्नेहसंमेलनात मुलींनी झालरींचे घागरे घालून एका अतिशय वेगवान पाश्चात्त्य धुनेवर नाच केला. त्यास ‘कॅनकॅन’ म्हणतात असे समजले. ही धून ऑफेनबाखची आहे काय, आणि ती या नाचासाठीच रचलेली आहे काय? (एक वाचिका, वाशी)

उत्तर : धून ऑफेनबाखचीच आहे, परंतु तिचे मूळ नाव ‘नरकातला गॅलप’ असे आहे आणि ती ज्या ऑपेरेटाच्या, म्हणजे गाणी आणि गद्य संवाद असलेल्या हलक्याफुलक्या संगीत-नाटकाच्या, शेवटी येते त्या ‘पाताळातील ऑर्फियस’चा पहिला प्रयोग २१ ऑक्टोबर १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. गॅलप हा त्या काळच्या नृत्यसमारंभांतील, दोन मात्रांच्या चालीवर धावत जाणारा नाच होता. कॅनकॅन त्याआधीपासूनच पॅरिसच्या सार्वजनिक नृत्यगृहांत नाचला जात असे, मात्र त्याला ठरावीक अशी एकच धून नव्हती. पुढे कॅबरेवाल्यांनी ही धून उचलली आणि ती त्या नाचाला अशी चिकटली की आज दोन्ही वेगळी करता येत नाहीत. पॅरिसच्या ज्या ‘मूलाँ रूज’ या कॅबरेचे नाव या नाचाबरोबर नेहमी घेतले जाते, ते १८८९ मध्ये, म्हणजे ऑफेनबाखच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी सुरू झाले.

धुनेपेक्षा ती कोणत्या प्रसंगी येते हे अधिक मनोरंजक आहे. ग्रीक पुराणकथेतील ऑर्फियस हा अलौकिक गायक आपल्या मृत पत्नीला, युरिडिसीला, परत आणण्यासाठी पाताळात उतरतो. आपल्याकडील वाचकांना सावित्रीची कथा आठवेल, फक्त येथे जाणारा पती आहे. ऑफेनबाखच्या ऑपेरेटात मात्र या पतिपत्नींना एकमेकांचा वीट आलेला आहे. ऑर्फियस हा व्हायोलिनच्या शिकवण्या करणारा गृहस्थ असून त्याचे वादन बायकोला ऐकवत नाही, आणि ती मरण पावल्याचे कळताच त्याला हायसे वाटते. तरीही तो तिला आणायला निघतो, कारण ‘लोकमत’ नावाचे एक पात्र त्याला अक्षरशः दटावून देवांच्या दरबारात घेऊन जाते. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाला रंगमंचावर साक्षात उभे करण्याची ही कल्पना मला आजही अत्यंत तल्लख वाटते. तिकडे स्वर्गातले देव रोज तेच ते अमृत पिऊन कंटाळलेले असतात आणि देवांचा राजा ज्युपिटर याच्याविरुद्ध बंड पुकारतात. त्या बंडाच्या गाण्यात मध्येच ‘मार्सेयेझ’चे सूर ऐकू येतात. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीला हे क्रांतिगीत नकोसे होते, त्यामुळे प्रेक्षकांना त्यातली मेख चटकन कळत असे. हे सगळे देव अखेरीस पाताळात मेजवानीला जमतात, ज्युपिटर आधी मोठ्या ऐटीत संथ मिन्युएट नाचतो, आणि मग त्या शिष्टाचाराचा चुराडा करीत तो गॅलप सुरू होतो.

या ऑपेरेटाला सुरुवातीला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. झ्यूल जानँ या वजनदार समीक्षकाने पवित्र प्राचीनतेची ही विटंबना आहे अशी टीका केली, तेव्हा ज्या भाषणाची त्याने निर्भर्त्सना केली होती ते त्याच्याच एका लेखातून उचलले आहे, असे उत्तर संहिता लिहिणाऱ्यांकडून आले. या वादाचा परिणाम असा झाला की सगळे पॅरिस नाटक पाहायला लोटले आणि प्रयोगांची संख्या २२८ वर गेली. आपल्याकडेही एखाद्या नाटकावर बंदीची मागणी झाली की तिकीटखिडकीवर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझा मुलगा चेलो शिकतो. ऑफेनबाख मुळात चेलोवादक होता हे खरे काय? त्याचे शिक्षण कोठे झाले? (एक पालक, ऐरोली)

उत्तर : खरे आहे. त्याचा जन्म २० जून १८१९ रोजी जर्मनीतील कोलोन येथे झाला आणि त्याचे नाव याकोब ठेवण्यात आले. दहा भावंडांतील तो सातवा. वडिलांचे मूळ आडनाव एबर्स्ट होते. ते ऑफेनबाख गावाहून आलेले म्हणून लोक त्यांना त्या गावाच्या नावाने ओळखू लागले आणि तेच आडनाव झाले, जसे आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागते. वडील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गायक होते. मुलाने प्रथम त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि नवव्या वर्षाच्या सुमारास चेलो हाती घेतला. भाऊ व्हायोलिनवर, बहीण पियानोवर आणि हा चेलोवर, असे भावंडांचे त्रिकूट कोलोनच्या नृत्यगृहांत आणि खाणावळींत वाजवून घराला हातभार लावीत असे. लोकांना काय आवडते याचे पहिले धडे त्याला तेथेच मिळाले असावेत.

१८३३ मध्ये वडील या मुलाला आणि त्याच्या भावाला घेऊन पॅरिसला गेले. तेथील कॉन्झर्व्हातवार या संगीत विद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता आणि प्रमुख केरुबिनी नियमाचे इतके पक्के होते की त्यांनी पुढे पियानोवादक म्हणून गाजलेल्या बाल लिस्टलाही परत पाठवले होते. चौदा वर्षांच्या याकोबचे वादन ऐकून मात्र त्यांनी नियम बाजूला ठेवला. मुलगा तेथे टिकला जेमतेम वर्षभर. शिकवणीत त्याचे मन रमले नाही आणि तो ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवू लागला. तेथे तो आणि शेजारचा वादक एकेक सूर आळीपाळीने वाजवून एकच ओळ पुरी करीत, आणि असल्या खोड्यांबद्दल पगारातून दंड कापला जाई. (हा भाग मुलाला वाचून दाखवायचा की नाही, ते आपण ठरवावे.) पुढे आलेव्ही या नामवंत संगीतकाराकडे त्याने रचनाशास्त्राचे धडे घेतले, आणि १८४४ मध्ये लंडनच्या दौऱ्यावर असताना विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीसमोर चेलो वाजवला.

प्रश्न : मी संगीत नाटकांचा जुना प्रेक्षक आहे; गडकरी रंगायतनात कितीतरी पाहिली. ऑपेरेटा म्हणजे आपले संगीत नाटकच, असे म्हणता येईल काय? शिवाय सरकारने त्याच्या नाटकांतील पात्रांची संख्या ठरवून दिली होती असे लेखात म्हटले होते, त्यामागचे कारण काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर निघते.

पहिल्या नेपोलियनने १८०७ मध्ये पॅरिसमधील नाट्यगृहांची संख्या मर्यादित केली आणि कोणी कोणत्या प्रकारचे प्रयोग करावेत हेही ठरवून दिले. ही व्यवस्था १८६४ पर्यंत चालली. मोठा ऑपेरा एका संस्थेकडे, संवादयुक्त ऑपेरा दुसऱ्या संस्थेकडे, असे हक्क वाटलेले असल्याने नव्या माणसाला परवान्यात जे उरेल तेवढ्यावर भागवावे लागे. ऑफेनबाखची कामे ऑपेरा-कोमिक स्वीकारीत नसे. १८५० पासून तो कोमेदी-फ्रान्सेझ या गद्य नाटकांच्या संस्थेत संगीत-संचालक होता, परंतु तेथे अंकांमधल्या वेळात वाद्यवृंद वाजवण्यापलीकडे वाव नव्हता. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा त्याने प्रदर्शनाजवळच, शाँझेलिझे मार्गावरचे एक छोटेसे लाकडी नाट्यगृह भाड्याने घेतले आणि ५ जुलै रोजी ‘बूफ-पारिझिएन’ या नावाने सुरू केले. परवाना मिळाला तो एकांकी विनोदी प्रयोगांचा, आणि त्यांत गाणारी-बोलणारी पात्रे तीन, फार तर चार असावीत अशा अटीवर. पहिल्याच दिवशीच्या ‘दोन आंधळे’ या प्रयोगात पुलावर भीक मागणारे दोन आंधळे जागेवरून भांडतात. दोघेही अर्थातच डोळस असतात. दोन नट, छोटा वाद्यवृंद आणि अर्ध्या तासाचा मामला, पण त्यावर नाट्यगृह भरू लागले.

अट पाळूनही ती कशी चुकवावी याचे त्याला भारी कौतुक होते. १८५७ च्या ‘क्रोकफेर’ या प्रयोगात त्याला पाचवे पात्र हवे होते. म्हणून त्याने त्या सरदाराची जीभ कापली गेली आहे असे दाखवले आणि त्याचे बोलणे फलकांवर लिहून प्रेक्षकांपुढे धरले. पात्र मुके असल्याने नियमभंग कसला? १८५८ मध्ये ही बंधने सैल झाली, आणि समूहगायकांसह मोठा पट मांडणारा ‘ऑर्फियस’ त्याच वर्षी आला, हा योगायोग नव्हे. मात्र अल्प साधनांत काम करण्याची जी सवय त्या तीन वर्षांत लागली ती पुढेही टिकली. त्याचा वाद्यवृंद कधी शब्दांवर कुरघोडी करीत नाही, प्रत्येक अक्षर मागच्या रांगेपर्यंत पोचते, आणि विनोद जेथे फुटायचा तेथेच सूर थांबतो.

आता आपल्या संगीत नाटकाकडे वळू. गद्य संवाद आणि त्यांच्या अधूनमधून येणारी गाणी, पुराणकथेतून समकालीनांना काढलेले चिमटे, नटीच्या नावावर जमणारी गर्दी आणि ‘वन्समोर’चा आग्रह, एवढे दोन्हीकडे सारखे आहे. फरक संगीताच्या स्वरूपात आहे. आपले पद एका रागात, एका गायकनटाच्या गळ्यावर उभे राहते, आणि तो ते किती खुलवील हे त्याची तयारी व त्या रात्रीचा प्रेक्षक ठरवतो. ऑपेरेटात प्रत्येक सूर लिहिलेला असतो, आणि तिची खरी गंमत एकट्याच्या गाण्यापेक्षा अंकाच्या शेवटी येते, जेव्हा चार-पाच पात्रे एकाच वेळी निरनिराळे शब्द गाऊ लागतात, समूह त्यांत भर घालतो आणि गोंधळ वाढत वाढत पडदा पडतो. एकाच वेळी अनेक मने ऐकवण्याची ही सोय आपल्या नाट्यपदांत नाही. उलट, एका पदातून एक मनःस्थिती तासभर उलगडण्याची जी मुभा आपल्या गायकनटाला आहे, ती ऑफेनबाखच्या नटाला स्वप्नातही मिळाली नसती.

साम्य अधिक आहे ते माणसांत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. ऑफेनबाख त्याच महिन्याच्या ५ तारखेला पॅरिसमध्ये वारला होता. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, परंतु दोघेही केवळ रचनाकार नव्हते. मंडळी उभी करणे, नट हेरणे, तालमी घेणे आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा वेळेवर वर जाईल हे पाहणे, हे सगळे त्यांच्या रचनेचाच भाग होते. ऑफेनबाखचे चरित्र संगीताच्या इतिहासकारांनी लिहिले की ते थोडे फिके उतरते, असे माझे मत आहे. ते नाटकमंडळीच्या मालकाचे चरित्र म्हणून वाचावे.

याच मालकाने १८५६ मध्ये नव्या संगीतकारांसाठी ऑपेरेटा-रचनेची स्पर्धा जाहीर केली. ७८ जणांनी भाग घेतला आणि बक्षीस दोघांत विभागून दिले गेले: शार्ल लकॉक आणि अठरा वर्षांचा झॉर्झ बिझे. बिझेची ‘कार्मेन’ पुढे १८७५ मध्ये आली, आणि तिची संहिता आंरी मेलाक आणि ल्युदोव्हिक आलेव्ही या जोडीची होती, जी तोवर ऑफेनबाखच्या सर्वोत्तम ऑपेरेटांची लेखक-जोडी म्हणून प्रसिद्ध झालेली होती. ‘सुंदर हेलन’ (१८६४), ‘पॅरिसचे जीवन’ (१८६६), ‘गेरोलस्टाइनची थोरली डचेस’ (१८६७) आणि ‘ला पेरिकोल’ (१८६८) या चारही संहिता त्यांच्याच. यांपैकी पॅरिसवरची सोडली, तर उरलेल्या तिन्हींची नायिका ऑर्तान्स श्नायडर होती.

प्रश्न : त्याला जर्मन म्हणावे की फ्रेंच? (एक विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : कागदोपत्री १८६० पासून फ्रेंच, कारण त्या वर्षी त्याला नागरिकत्व मिळाले आणि पुढच्या वर्षी ‘लेजियाँ दॉनर’ हा मानही. १८४४ मध्ये विवाहाच्या वेळी त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. त्याचे फ्रेंच उच्चार मात्र अखेरपर्यंत जर्मन वळणाचेच राहिले.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले तेव्हा या दुहेरी ओळखीची किंमत त्याला मोजावी लागली. फ्रेंच वृत्तपत्रांना तो जर्मन हस्तक वाटू लागला आणि जर्मन वृत्तपत्रांना फितूर. ‘गेरोलस्टाइन’मध्ये एका चिमुकल्या संस्थानाची डचेस एका देखण्या शिपायाला पाहता पाहता सेनापती करून टाकते, आणि सेनापतींच्या शौर्याची यथेच्छ टिंगल होते. १८६७ च्या प्रदर्शनाला आलेल्या राजेरजवाड्यांनी, बिस्मार्कसह, ते पाहून पोट धरून हसून घेतले होते. पराभवानंतर तेच नाटक फ्रान्समध्ये सैन्याचा अवमान करणारे ठरले आणि त्यावर बंदी आली. जर्मन संगीतकार वाग्नरशीही त्याचे जुने वैर होते: १८६० मध्ये ऑफेनबाखने ‘भविष्यकाळाचा संगीतकार’ म्हणून त्याची नक्कल रंगमंचावर आणली, तर पॅरिसला वेढा पडलेला असताना वाग्नरने एक प्रहसन लिहून त्याचे उट्टे काढले. पुढच्या शतकात नाझी राजवटीने ऑफेनबाखचे संगीत तो जन्माने ज्यू म्हणून वर्ज्य केले.

प्रश्न : एवढी लोकप्रियता असताना त्याचे दिवाळे कसे निघाले? (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : हात सैल असल्यामुळे. नाटकासाठी खर्च करताना त्याला आकडे दिसत नसत. १८७३ मध्ये त्याने ‘गेते’ हे मोठे नाट्यगृह चालवायला घेतले. तेथे दोन अंकांच्या ‘ऑर्फियस’चा चार अंकांचा भव्य अवतार १८७४ मध्ये सादर केला आणि त्यावर पैसाही मिळवला. परंतु त्याच वर्षाअखेरीस सार्दू या नाटककाराचे ‘द्वेष’ हे ऐतिहासिक नाटक चिलखते, शस्त्रे आणि देखावे यांवर अफाट खर्च करून उभे केले, ते पडले आणि सगळे घेऊन गेले. येणे असलेले मानधन गहाण टाकून त्याने देणी भागवली आणि नाट्यगृह सोडले.

कर्ज फेडण्यासाठीच तो १८७६ मध्ये अमेरिकेला गेला. स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त फिलाडेल्फियात प्रदर्शन भरले होते. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथे प्रत्येक कार्यक्रमामागे त्याला १,००० डॉलर देऊ केले गेले. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात त्याच्या हाताखाली व्हायोलिन वाजवणाऱ्यांत जॉन फिलिप सूझा नावाचा तरुण होता, जो पुढे लष्करी बँडच्या संचलनगीतांसाठी जगप्रसिद्ध झाला.

प्रश्न : ‘हॉफमनच्या कथा’ हा त्याचा गंभीर ऑपेरा अपुरा राहिला होता असे वाचले. मग आज आपण जे ऐकतो ते कोणाचे? (एक वाचिका, सीबीडी बेलापूर)

उत्तर : सूर बहुतेक ऑफेनबाखचे, मांडणी अनेकांची. संधिवाताने जर्जर झालेला ऑफेनबाख अखेरची काही वर्षे या एका कामाच्या मागे होता. १८७९ च्या मे महिन्यात त्याने काही भाग घरीच, पियानोच्या साथीवर, निमंत्रितांना ऐकवले, आणि ज्या ऑपेरा-कोमिकने तरुणपणी त्याला दारात उभे केले नव्हते तिनेच हा ऑपेरा स्वीकारला. ५ ऑक्टोबर १८८० रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी तो गेला, तेव्हा गायनाचा मोठा भाग लिहून झाला होता, वाद्यवृंदाचा झाला नव्हता. एर्नेस्त गिरो याने तो पुरा केला. बिझेच्या मृत्यूनंतर ‘कार्मेन’चे गद्य संवाद गाऊन म्हणण्याजोगे करून देणारा हाच गिरो. पहिला प्रयोग १० फेब्रुवारी १८८१ रोजी झाला, पण व्हेनिसचा संपूर्ण अंक गाळून.

त्या अंकाने पुढेही संपादकांना छळले. त्यातील ‘हिऱ्या, चमक’ या अर्थाचे प्रसिद्ध गाणे १९०४ मध्ये माँटे कार्लोच्या प्रयोगासाठी घातले गेले, आणि त्याची चाल ऑफेनबाखच्याच ‘चंद्राची सफर’ या १८७५ च्या नाटकातून घेतलेली आहे. १९७० च्या दशकात त्याची बरीच हस्तलिखिते उजेडात आल्यावर नवनव्या संपादित आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे आज दोन नाट्यगृहांत दोन निराळे ‘हॉफमन’ पाहायला मिळतात. व्हेनिसच्या अंकातील नौकागीत, म्हणजे ‘बार्कारोल’, तर मुळात व्हेनिसचे नाहीच. १८६४ मध्ये व्हिएन्नात सादर झालेल्या आणि फारशा न चाललेल्या ‘ऱ्हाईनच्या जलपऱ्या’ या ऑपेरातून ते त्याने स्वतःच उचलले. एका नदीच्या पऱ्यांचे गाणे दुसऱ्या शहराच्या कालव्यांना इतके शोभावे, याला नाटकवाल्याची नजरच लागते.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : ‘सुंदर हेलन’पासून करावी. उपशीर्षकांसह चित्रमुद्रण मिळाले तर उत्तम, कारण शब्द न कळता ऑफेनबाख ऐकणे म्हणजे अर्धाच ऐकणे. त्यानंतर ‘ला पेरिकोल’मधले नायिकेचे पत्र ऐकावे: पोटाला अन्न नाही म्हणून ती प्रियकराला सोडून जाते आहे, आणि सगळ्या थट्टामस्करीच्या मधोमध तिचा निरोप अतिशय साध्या सुरांत येतो. हे मला त्याच्या सगळ्या गॅलपांहून मोठे वाटते. लंडनमध्ये १८७५ साली याच ‘ला पेरिकोल’च्या प्रयोगाला जोड म्हणून गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज लेखक-संगीतकार जोडीचा एक छोटा न्यायालयीन फार्स लावण्यात आला होता, त्यातून इंग्रजी ऑपेरेटाची परंपरा उभी राहिली. ‘ऑर्फियस’ची जी दणदणीत प्रस्तावना वाद्यवृंदांच्या मैफलींत वाजवली जाते, ती त्याच्याच चाली गुंफून १८६० च्या व्हिएन्नातील प्रयोगासाठी कार्ल बिंडरने तयार केलेली आहे. मूळ पॅरिसच्या प्रयोगाची सुरुवात याहून कितीतरी छोटी आणि हळुवार आहे, तेव्हा ध्वनिमुद्रण निवडताना १८५८ ची आवृत्ती आहे की १८७४ ची, हे पाहून घ्यावे. नवख्या श्रोत्याला १८५८ ची दोन अंकांची आवृत्ती पुरेशी आहे.